बाळंतिणीच्या खोलीतलं तेल

सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या तेलात ओवा आणि ठेचलेला लसूण टाकून वाटी निखाऱ्यावर ठेवली की आधी तो तडतडतो, मग त्याचा एक उग्र वास उठतो आणि घरभर पसरतो. ग्वाल्हेरात ज्या घरातून हा वास येईल तिथे मूल जन्मलंय असं समजायचं. मागच्या महिन्यात आमच्या कॉलनीत खालच्या मजल्यावर बाळ आलं आणि सकाळी सकाळी जिन्यातून तो वास वर चढू लागला. मी खिडकी लावून घेतली. त्या घरातली सून भली मुलगी आहे, ‘‘आंटीजी, धुएँ से परेशानी होती है क्या?’’ असं विचारून गेली. मी हो म्हटलं. तिला काय सांगणार? तरी ती निघताना मी तेल कुठून आणता ते विचारून घेतलंच. तिला वाटलं असेल, म्हातारीला भारी चौकशा. असू दे.

माझ्या लहानपणी आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, खासगी बाजारात राहत होतो. खाली भांड्यांची दुकानं आणि वर आमच्या तीन खोल्या, त्यामुळे माझं सगळं बालपण पितळेवर हातोडी पडण्याच्या आवाजात गेलं. घरात बाबा, आई, वसूताई, मी आणि मालूआत्या. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, किंवा ठरलं नाही, दोन्ही गोष्टी घरात सांगितल्या जात आणि आत्या दोन्हींना मान डोलवायची. ती सरकारी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. त्या जागेवर तिच्या आधी बाई बसलेली नव्हती, त्यामुळे बाईने कुठे बसावं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. सुरुवातीला शिपाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, बहनजी पढ़ाने आयी हैं. बायकांसाठी मोरी नव्हती म्हणून भर दुपारी ती सायकल मारत घरी यायची, परत जायची, आणि साहेब त्याची नोंद ‘बाहर घूमती हैं’ अशी करायचे. आत्या हे सगळं जेवताना नकला करून सांगायची. आम्ही हसून हसून लोळायचो. तिला किती लागत असेल हे कळायचं माझं वय नव्हतं.

तिच्या सुती साड्यांना पदराजवळ बारीक बारीक भोकं असायची, ॲसिडचे शिंतोडे उडून पडलेली. बोटांची टोकं पिवळी. आई म्हणायची, ‘‘मालूवन्सं, लोकांच्या हाताला हळदीचा रंग चढतो, तुमचा हा कसला?’’ घरातही तिने एका फळीवर आपलं दुकान मांडलं होतं. काचेच्या नळ्या, त्या उभ्या ठेवायची लाकडी घोडी, आणि काचेच्याच बुचाची एक जाड बाटली. त्या बाटलीला कुणी हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला देवघराइतका कडक नियम होता. दुधात पाणी किती, हळदीत कसला रंग, चहात वापरलेली पत्ती आहे का, हे आत्या रविवारी बघत बसायची आणि सोमवारी त्या दुकानदाराकडे जाऊन भांडायची. दाल बाजारात ती दिसली की काही लोक पोत्यांची तोंडं बांधायला लागत. हे मी स्वतः पाहिलंय, आणि मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

त्या हिवाळ्यात ताई पहिल्या बाळंतपणाला आली. तिचं सासर झाशीचं, मंडळी चांगली, पण पहिलं माहेरीच असं आईने लग्नातच सांगून ठेवलं होतं. मुलगा झाला. आतली खोली बाळंतिणीची झाली. खिडकीला रजई लावली, शेगडी आली, बाळंतशोपा आली, डिंक तळला गेला, अळीव भिजले. घरात दिवसभर धूर, आणि त्या धुरात आईचा चेहरा कसा फुलून आलेला असायचा! आईने आत्याला एकच अट घातली. ‘‘हे बघा वन्सं, तुमचे हात कायम ॲसिडात. या खोलीत यायचं नाही. बाळाला बघायचं तर उंबऱ्यावरून.’’ आत्याला ते पटलंही. ‘‘वहिनी पहिल्यांदा काहीतरी शास्त्रीय बोलल्या,’’ असं ती म्हणाली. ती प्रयोगशाळेतून आली की उंबऱ्यापाशी उभी राहायची, हात पाठीमागे बांधून, आणि बाळाला इंग्रजीत काहीतरी विचारायची. खोलीतली कुठलीही वस्तू बाहेर स्वयंपाकघरात यायची नाही आणि बाहेरचं कुणी आत जायचं नाही, असं ते सव्वा महिन्याचं राज्य होतं.

मालिशला कटोरीबाई यायची, शिंदे की छावनीतून चालत. थोराड बाई, आवाज खणखणीत, येताना आपलं तेल आपणच घेऊन यायची. आमच्याकडे खायला शेंगदाण्याचं तेल. दख्खन सोडून पिढ्या गेल्या होत्या, बोलण्यात अर्धी हिंदी शिरली होती, पण फोडणी शेंगदाण्याच्या तेलाचीच, यात आमची मंडळी आपला मोठेपणा मानत. आईला बाळासाठी खोबरेल हवं होतं. कटोरीबाईने ते बोटावर घेऊन पाहिलं आणि हसली. ‘‘बाईसाब, जे तौ जम गओ. जाड़े में सरसों के तेल बिना बच्चा की हड्डी में जान नईं परत.’’ ग्वाल्हेरच्या थंडीपुढे आईचं काही चाललं नाही. सरसोंचं तेल खोलीत आलं आणि शेगडीशेजारी कोनाड्यात राहिलं.

साधारण त्याच सुमारास लष्करात पाय सुजायला लागले. आधी आमच्या समोरच्या सक्सेनांकडे. म्हातारी आजी, मग दोन्ही सुना, मग स्वतः सक्सेनाजी. एका घरात सगळ्यांचेच पाय, आणि नुसते सुजलेले नाहीत, लाल आणि गरम. मग पलीकडच्या गल्लीतून तेच ऐकू आलं. दुकानाच्या पायऱ्यांवर माणसं बूट काढून बसलेली दिसायला लागली. हातोड्यांचा आवाज कमी झाला, कारण ठोकणारेच धापा टाकायला लागले होते. मला आठवतं ते हे, की सकाळी जाग यायची आणि काहीतरी चुकलंय असं वाटायचं, आणि मग कळायचं की आवाज नाहीये. कुणी म्हणालं हवा खराब झाली, कुणी म्हणालं कुणाची तरी नजर आहे. बायका दारात लिंबू-मिरच्या बांधू लागल्या.

आत्याने नजरबिजर काही ऐकलं नाही. ती सक्सेनांकडे गेली, आजीच्या पायावर अंगठा दाबला, आणि अंगठा काढल्यावर तिथे खड्डा तसाच राहिलेला पाहत बसली. मग विचारलं, ‘‘तेल कौन सा आता है?’’ दुसऱ्या दिवसापासून तिने घरोघर सांगितलं, आपल्या घरातल्या तेलाची एक वाटी आमच्या जिन्यात आणून ठेवा, वाटीवर नाव लिहून. सकाळी उन्हं खिडकीत आली की ती फळीपाशी बसायची. नळीत थोडं तेल, त्यात बाटलीतलं ॲसिड, बूच लावून हळू हलवायचं आणि थांबायचं. तेल वर तरंगतं, ॲसिड खाली बसतं. चांगल्या तेलाखाली ते जवळपास पाण्यासारखं राही. काही नळ्यांत मात्र खाली गेरूचा रंग उतरायचा. अंगणातल्या तुळशीवृंदावनाला आपण लावतो ना, तोच गेरू. आत्या ती नळी फक्त बाजूला ठेवायची. दिवसेंदिवस बाजूच्या नळ्या वाढत गेल्या.

‘‘पिवळा धोत्रा,’’ तिने जेवताना सांगितलं. ‘‘इथले लोक सत्यानाशी म्हणतात. सरसोंच्या शेतात उगवतो, काटेरी, पिवळ्या फुलांचा. त्याचं बी काळं, सरसोंसारखंच. चुकून मिसळलं काय नि मुद्दाम मिसळलं काय, घाण्यातून निघालं की विषच.’’ तिने बाजारातून येणारी, सरसोंच्या तेलात तळलेली बेडईपुरी आणि कचोरी बंद केली. रविवारची बेडई गेल्याने मी दिवसभर तोंड फुगवून बसले. बाबांनी विचारलं, ‘‘आपल्या घराचं काय?’’ आत्या उठली, स्वयंपाकघरातली बरणी आणली आणि आमच्या देखत नळी भरली. शेंगदाण्याचं तेल, खाली काही रंग नाही. ‘‘आपल्याला भीती नाही. आपण सरसों खात नाही,’’ ती म्हणाली. त्या वाक्यात थोडा तोराही होता. मला वाटलं, बरं झालं आपण मराठी आहोत.

आतल्या खोलीत वेगळंच भांडण चालू होतं. बाळाला मालिश सुरू केली की तो जीव खाऊन किंचाळायचा, काळानिळा पडायचा. दोनचार दिवस ताईने सोसलं, मग बाळाला उचलून पोटाशी धरलं आणि म्हणाली, ‘‘नको त्याला. मी नाही लावू देणार.’’ आईने समजावलं, रागावली, ‘‘हाडं कच्ची राहतील, मग म्हणशील आईने सांगितलं नाही.’’ कटोरीबाई म्हणाली, आजकाल की मोड़ी, कहा जानें, हल्लीच्या पोरींना काय कळतंय. ताई हट्टी. बाळाला नुसतं कोमट पाण्याने पुसायची. आता तापवलेलं तेल वाया कसं घालवायचं? आमच्या घरात वाटीच्या कडेचं तूपही बोटाने पुसून घेत. आई म्हणाली, ‘‘त्याच्या वाटचं हिच्या पायांना जिरव कटोरीबाई, बाळंतीण आहे, अंगात वारा भरतो.’’ तेव्हापासून ताईला दुप्पट तेल मिळू लागलं, सकाळी आणि संध्याकाळी. ती डोळे मिटून पडून राहायची. ‘‘कुंदे, काय सुख आहे गं,’’ मला म्हणायची.

मग ताईचे पाय भरले. आईने पाहिलं आणि मीठ कमी केलं. ‘‘बाळंतपणाची सूज आहे, ओसरते.’’ आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, त्यांचाही दोष नाही, बाळंतिणीला सूज येतेच. सूज आली म्हणून मालिश वाढवली. कटोरीबाई हल्ली जिना चढताना मध्ये बसायची. एकदा मी पाणी नेऊन दिलं तर म्हणाली, ‘‘बिटिया, गोड़े भारी हो रये हैं, बुढ़ापा आय गओ.’’ गोड़े म्हणजे पाय. तिच्या सुजलेल्या हातापायांत बांगड्या आणि तोडे रुतले होते. मी ते पाहिलं आणि परत अभ्यासाला बसले. आज हे लिहिताना वाटतं, सगळं आमच्या डोळ्यांसमोर मांडून ठेवलेलं होतं, वाटीपासून तोड्यापर्यंत, आणि माणसं नुसती तिथून येजा करत होती.

एका संध्याकाळी आईने देवापाशी दिवा लावला आणि एक पणती ताईच्या खोलीत ठेवली. मी बाळाचे लंगोट घड्या करत होते. ताई पणतीकडे बघत होती. म्हणाली, ‘‘किती छान दिसून राहिलंय. दिव्याभोवती गोल, रंगीत. तुला दिसतंय ना?’’ मी पाहिलं, नुसती ज्योत होती. ‘‘बाहेर लाल, आत निळं,’’ ती सांगत होती. ‘‘दोनतीन दिवस झाले, मी कुणाला बोलले नाही. तुम्ही हसाल.’’ तिला ती गंमत वाटत होती. मला उगीचच भीती वाटली, आणि जेवायला बसल्यावर मी ते गंमत म्हणूनच सांगितलं, की आत्या, ताईला दिव्याभोवती इंद्रधनुष्य दिसतं.

आत्याचा घास हातातच राहिला. ‘‘काय दिसतं?’’ मी परत सांगितलं. ती उष्ट्या हाताने उठली. सक्सेनांच्या आजीने तिला हेच सांगितलं होतं, बल्ब के चारों तरफ घेरा दिखता है, आणि त्यानंतर आजीची नजर गेली होती. आत्याने मोरीत हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले, आणि बाळ आल्यापासून पहिल्यांदा तो उंबरा ओलांडला. आई म्हणाली, ‘‘अहो वन्सं!’’ आत्याने ताईच्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरेना. ती खोलीभर बघू लागली. दूध, लाडवांचा डबा, औषधाची बाटली. मग शेगडीशेजारच्या कोनाड्याकडे तिची नजर गेली.

‘‘हे काय आहे?’’

‘‘मालिशचं,’’ आई म्हणाली. ‘‘ते खायचं नाहीये काही.’’

आत्याने ती वाटी उचलली आणि फळीपाशी आली. सकाळच्या उन्हाची वाट पाहिली नाही, मला कंदील धरायला लावला. तेल, ॲसिड, बूच. आम्ही सगळे उभे. आतून बाळाचा कुरकुरण्याचा आवाज येत होता. नळीत खाली हळूहळू गेरू उतरला, मी पाहिलेल्या कुठल्याही नळीपेक्षा गडद. आई परत म्हणाली, ‘‘पण ते खायचं नाहीये हो!’’ आता तिचा आवाज रडवेला झाला होता. ‘‘कातडी पिते, वहिनी,’’ आत्या म्हणाली. ‘‘दोन्ही वेळा चोळलंत तुम्ही. ती पिऊन राहिली होती.’’ आणि मग ती खाली जमिनीवरच बसली. ‘‘मी शंभर घरांना विचारलं, खाता काय. लावता काय हे एकालाही विचारलं नाही. माझ्याच घरात नाही.’’

ताईला त्याच रात्री टांग्याने इस्पितळात नेलं. श्वास लागत होता, उशा रचून बसवून ठेवावं लागे. पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत, आठवतं ते फक्त घरातलं गप्प स्वयंपाकघर आणि वरचं दूध पिणारं बाळ, ज्याला काहीही झालेलं नव्हतं. ताई वाचली. डोळ्यांतला दाब वाढून डावा डोळा गेला, उजव्याला कडेकडेचं थोडं दिसायचं. कटोरीबाई त्या फाल्गुनात गेली. तिच्या हातांनी तर तिला रोज घरोघरी तेच तेल पाजलं होतं.

आत्या त्यानंतर पुन्हा घरोघर गेली, या वेळी कोनाडे बघायला. बाळंतिणी, तान्ही मुलं, पहाटे तालमीआधी अंग चोळणारे पहिलवान. बाजारात बोलणी सुरू झाली होती की ही बाई धंदा बुडवते. शेवटी तेलवाल्यांनी सभा बोलावली आणि तिला जाब विचारायला बोलावलं. आदल्या दिवशी बाबांनी तिच्यापुढे हात जोडले. ‘‘मालू, काय सांगायचं ते सांग, पण आपल्या घराचं नको. लोक म्हणतील, हिला घरातलं दिसलं नाही, ही शहराचं काय बघणार? तुझं ऐकतील का मग? आणि वसूच्या सासरी काय तोंड दाखवू?’’ आत्या म्हणाली, ‘‘दादा, खरं आहे तुझं.’’ बस, एवढंच. आम्हाला वाटलं तिने मानलं.

मी तिच्याबरोबर गेले होते, नळ्यांची पिशवी धरून. सगळे पुरुष, ती एकटी बाई. एक जाडसर शेठ उठून गोड हसत म्हणाले, ‘‘मैडम, आप ठहरीं दक्खिनी. आपके यहाँ तो सरसों का तेल चढ़ता ही नहीं. आपको क्या मालूम, ग्वालियर में पीढ़ियों से यही खाया जा रहा है.’’ लोक हसले. आत्याने पिशवीतून एकच नळी काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. ‘‘ये मेरे घर की है,’’ ती म्हणाली. ‘‘मैं भी यही समझती थी कि हमारे यहाँ नहीं आता. मेरी भतीजी ने खाया नहीं, लगाया है. उसकी आँख गयी. मैं केमिस्ट हूँ, मैं उसी घर में सोती थी, और मुझे नहीं दिखा. आप लोगों को तो और भी नहीं दिखेगा. इसलिए जँचवा लीजिए.’’ मागच्या बाकावरचा एक म्हातारा उठला, आपल्या सुनेच्या खोलीतलं तेल उद्या आणतो म्हणाला, आणि विचारलं, वाटीवर नाव लिहायचं ना?

प्रयोगशाळेत पुढे तिला बढती मिळाली, सत्कारही झाले. आत्याचं नाव जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे. पण घरात ती पूर्वीसारख्या नकला करेनाशी झाली. ताई दर दिवाळीला यायची, मुलाचा हात धरून. अभ्यंगाच्या आधी आत्या नळी काढायची, तेल कुठलंही असो, आणि ताई विचारायची, ‘‘रंग कसा आहे गं आत्या?’’ आत्या म्हणायची, ‘‘काही नाही, स्वच्छ.’’ हे दर वर्षी. एकदा शेखर, म्हणजे ताईचा तो मुलगा, चांगला उंच झालेला, पाटावर बसून माझ्याकडून पाठीला तेल लावून घेत होता. ताई हाताने चाचपत त्याच्यापाशी आली, त्याच्या खांद्यावरून हात फिरवला, आणि हसून, अगदी सहज म्हणाली, ‘‘लाव, भरपूर लाव. याच्या वाटचं तेल एकदा मी संपवलंय.’’

आम्ही सगळे हसलो. आत्या उठून आत गेली आणि फळीवरची बाटली पुसत बसली. फराळाला हाका मारल्या तरी ती बाहेर आली नाही.